हुकूम आणि कौल

१८९७ सालच्या सुमारास मालवणच्या बंदरावरून निघून धामापूरच्या तलावाकाठाने कुडाळ गाठणाऱ्या आणि तेथून सावंतवाडी, बांदा करीत तेरेखोलच्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायी वाटसरूला दोन-तीन दिवसांच्या मजलेत तीन निरनिराळ्या सत्तांचा अंमल लागत असे. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हे मुंबई इलाख्यातल्या रत्नागिरी जिल्ह्याचे भाग, म्हणजे खास इंग्रजी मुलूख. कुडाळ, बांदा आणि वाडी हे सावंत-भोसल्यांचे संस्थान, ज्याची गादी वाडीत असली तरी दप्तर बव्हंशी इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होते. आणि तेरेखोलपलीकडे पेडण्यापासून फिरंग्यांचे राज्य. भाषा, सोयरिकी, कुळाचार, आठवड्याचे बाजार, जत्रा या सगळ्यांना या तीन सरहद्दी जवळजवळ अपरिचित होत्या. त्यांची ओळख होती ती जकातदाराला, फौजदाराला आणि, ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या काळात, रोगाच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या माणसाला. साथीचा रोग सरहद्द मानीत नाही हे वाक्य आपण फार वेळा ऐकले आहे. साथीचा हुकूम मात्र सरहद्द मानतो, किंबहुना ज्या रेषेचा गावकऱ्याला एरव्ही विसर पडलेला असतो तीच रेषा हुकुमामुळे त्याच्या दाराशी येऊन उभी राहते, हा या किनाऱ्याचा अनुभव आहे. आणि तो एकदा नव्हे, सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोनदा आला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. हे गृहस्थ मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली लाखाहून अधिक माणसे मुंबईत गिरण्या, गोद्या, पोलीस, पलटणी आणि साहेबांच्या कचेऱ्या यांत पोट भरीत होती. कोकणच्या खाचरात जेवढे पिके त्याच्यावर वर्ष निभत नसे. उरलेले महिने मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर निघत. त्यामुळे मांडवीतला रोग ही मालवणला परगावची वार्ता राहणे शक्यच नव्हते. ऑक्टोबरात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यास सक्तीने इस्पितळात हलविण्याचा जाहीरनामा काढला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. हिवाळा सरता सरता मुंबईची अर्ध्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली होती. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत ७,७६,००६ भरली, या दोन आकड्यांवरून त्या दहा वर्षांची कल्पना यावी. पळणाऱ्यांपैकी घाटावरचे लोक आगगाडीने गेले. कोकणचे लोक आगबोटीने.

या आगबोटींची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्यास येत. मुंबईस चढताना डॉक्टर नाडी पाही, काख आणि जांघ चाचपी. स्त्रियांची ही तपासणी परपुरुषाने करावी की नाही या एका प्रश्नावर त्या वर्षी जेवढी शाई आणि जेवढे अश्रू खर्ची पडले तेवढे प्रत्यक्ष रोगाच्या कारणावर पडले नसतील. उंदीर आणि पिसू यांचा या रोगाशी असलेला संबंध त्या वेळी कुणा सरकारी अंमलदाराच्या ध्यानात पुरता यावयाचा होता. म्हणजे हुकूम ज्ञानाच्या आधी निघाला होता. ही गोष्ट मी दोषारोपाच्या बुद्धीने सांगत नाही. साथीत हुकूम नेहमी ज्ञानाच्या आधीच काढावा लागतो. फक्त तो काढणाऱ्याच्या आवाजात जो निःशंकपणा असतो तो उसना असतो, आणि लोकांना त्याचा वास येतो.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यास साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा: सरकारास वाटेल ते निर्बंध घालण्याचा अधिकार, ते मोडणाऱ्यास शिक्षा, आणि अंमलबजावणी करणाऱ्यावर दावा लावण्यास मनाई. तो फक्त ब्रिटिश हिंदुस्थानास लागू. म्हणजे मालवणात तो कायदा, कुडाळात संस्थानचा हुकूम, पेडण्यात लिस्बनच्या मुखत्यारांची मर्जी. परंतु कायदा एक असूनही त्याचा अंमल किती भिन्न रूपे घेऊ शकतो हे पाहावयाचे तर मुंबई आणि पुणे ही दोन शहरे शेजारी ठेवावीत. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या समितीने घरतपासणी सोडली नाही, पण निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना बोलावून आपापली इस्पितळे उघडण्यास मुभा दिली. रोग्याच्या उशाशी त्याच्या जातीचा, त्याच्या पंक्तीचा माणूस बसू शकला. पुण्यात वॉल्टर रँड यांनी गोऱ्या शिपायांच्या टोळ्या घराघरात घातल्या. रोग्यास हलविणे, घर धुणे, सामान जाळणे ही कामे दोन्हीकडे झाली. पण पुण्यात देवघरापर्यंत बूट गेले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्यांनी रँड आणि आयर्स्ट पडले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची सजा झाली. ज्या टिळकांनी रँडवर कोरडे ओढले त्याच टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले होते, हे विसरता कामा नये. अलग ठेवण्याला लोकांचा विरोध नव्हता असे मी म्हणणार नाही, पण विरोधाचे मूळ तेवढेच नव्हते.

मुंबईही त्या सौम्यतेने शांत राहिली असे नाही. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात एका मुलीस तपासण्यावरून दंगल उसळली आणि गोळीबारापर्यंत मजल गेली. त्याआधीच शहरात अफवांना ऊत आला होता. इस्पितळात नेलेल्या माणसास उलटे टांगून त्याच्या देहाची मोमियाई काढतात, ही त्यांतली सर्वांत भयंकर. अशा गोष्टींना अडाणीपणाचे लक्षण मानून सोडून देण्याची सुशिक्षितांची रीत आहे. पण इस्पितळात गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते, आत काय चालते ते बाहेर कुणी सांगत नव्हते, आणि प्रेतही हाती लागण्याची शाश्वती नव्हती, अशा स्थितीत मनुष्याचे मन आपल्याजवळच्या सामग्रीतून कारण रचते. अफवा ही प्रायः न मिळालेल्या उत्तराची जागा असते. खुद्द गोखल्यांसारखा तोलून-मापून बोलणारा मनुष्य विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून शिपायांच्या अत्याचाराविषयी जे बोलून बसला, ते सिद्ध करता न आल्याने परतल्यावर त्याला बिनशर्त माफी मागावी लागली. तेथे परळच्या चाळीतल्या मालवणी कामगाराने मोमियाईवर विश्वास ठेवला तर नवल कसले?

आता या सक्तीच्या शेजारी मालवण तालुक्यातलीच एक रूढी ठेवून पाहावयाची आहे. आचरे गावात दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन सगळे गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाते. तिला गावपळण म्हणतात. चिंदर, वायंगणी येथेही ती आहे. माणसेच नव्हेत, गुरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह घरे मोकळी होतात, बाजार बंद पडतो, आणि हजारो लोक सीमेपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या झोपड्या उभारून राहतात. मागे कुणी रेंगाळत नाही, धर्म-जातीचा अपवाद नाही, श्रीमंताला सवलत नाही. तीन दिवसांनी पुन्हा कौल, आणि देवाने होकार दिला तर परतणे. न दिला तर आणखी एक रात्र. यामागचे कारण कुणी भुताखेतांचे सांगतो, कुणी एखाद्या विसरलेल्या साथीचे. मला यांतल्या कशाचाही पुरावा देता येणार नाही आणि तो हुडकण्याची गरजही वाटत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट एवढीच की कोणत्याही सरकारने घातलेला निर्बंध यापेक्षा कठोर नाही. स्वतःच्या घराला कुलूप लावून बाहेर झोपायचे, चूल उघड्यावर मांडायची, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना थंडीत ठेवायचे. आणि तरीही त्या तीन दिवसांचे स्मरण गावात उत्सवासारखे काढले जाते. भजने होतात, फुगड्या होतात, वर्षभर न बोलणारे भाऊबंद एका मांडवाखाली जेवतात. प्लेगच्या वर्षांतही घाटावर आणि कोकणात सक्तीच्या इस्पितळाला निकराने विरोध करणारे लोक गाव मोकळे करून रानात झोपड्या घालून राहण्यास पुष्कळदा आपण होऊन तयार झाले, आणि १८९८ नंतर सरकारनेही हळूहळू सक्तीचा हात आखडता घेऊन स्थलांतर व ऐच्छिक टोचणी यांवर भर दिला, याचा उलगडा मला आचऱ्याच्या माळावर होतो.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण सांगण्यासारखा हुकूमच त्या वेळी निघाला नाही. महायुद्ध चालू, डॉक्टर लष्करात, सरकार प्लेगच्या आठवणीने पोळलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेत देशभर कोट्यवधी माणसे मेली आणि त्यांची सोय जी काही झाली ती बव्हंशी खासगी मंडळ्यांनी केली. वीस वर्षांपूर्वी सरकार घरात शिरले म्हणून संतापलेले लोक या वेळी सरकार दाराशीही आले नाही म्हणून पोरके झाले. निर्बंध नसणे म्हणजे स्वास्थ्य, असे समीकरण मांडणाऱ्यांनी त्या वर्षाचे मृत्यूचे दप्तर एकदा चाळावे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनाच्या साथीसाठी जो कायदा बाहेर काढला तो हाच, १८९७ चा. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जगातल्या सरकारांच्या निर्बंधांची तीव्रता शंभर गुणांच्या मापाने मोजण्याचा जो उपक्रम चालविला होता, त्यात त्या आठवड्यात भारताला शंभरांपैकी शंभर गुण मिळाले. शाळेत असे गुण मिळविणाऱ्याचे कौतुक होते. तीन अंमलांचा जुना मुलूख आता एका प्रजासत्ताकात होता, सावंतवाडी संस्थान विलीन होऊन सात दशके लोटली होती, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हाही वेगळा झाला होता. पण तेरेखोलची रेषा राज्याची सीमा म्हणून शिल्लक होती आणि खारेपाटण, फोंडा, करूळ, आंबोली येथल्या नाक्यांवर जिल्ह्याचीही सरहद्द आता उभी राहिली. एप्रिलच्या अखेरीस केंद्र सरकारने जिल्ह्यांना रंग वाटले तेव्हा महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या सहा जिल्ह्यांच्या वाट्याला हिरवा रंग आला त्यांत सिंधुदुर्ग होता. मुंबई अर्थातच लाल.

त्या रंगांनी जी मनोवृत्ती घडविली तिचे वर्णन करणे अवघड जाते, कारण ती कुणालाच शोभणारी नव्हती. ज्या चाकरमान्याची गणपतीला आणि शिमग्याला डोळ्यांत प्राण आणून वाट पाहावयाची, तोच आता लाल मुलखातून येणारा संशयित ठरला. वाड्यांच्या तोंडाशी लाकडे आडवी पडली. बाहेरच्यांस प्रवेश नाही अशा पाट्या लागल्या, आणि त्या पाट्यांतल्या 'बाहेरच्यां'त घराच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तोही येत असे. देवगडच्या हापूसच्या पेट्या शेतमाल म्हणून मुंबईतल्या वसाहतींच्या फाटकापर्यंत पोहोचत होत्या. त्या वसाहतीत राहणारा बागायतदाराचा मुलगा मात्र परवान्यावाचून गावी येऊ शकत नव्हता. मे महिन्यात परवाने सैल झाले आणि हजारोंनी लोक आले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळा विलगीकरणाच्या जागा झाल्या, गुरुजी नाक्यावर नोंदवहीला बसले, आणि घरची भाकरी शाळेच्या गडग्यावर ठेवून घरचा माणूस दहा पावले मागे सरू लागला. बंदी दोघांवरही एकच होती. गावात राहिलेल्याला ती रक्षणासारखी वाटली, आलेल्याला ती शिक्षेसारखी. आणि पुढे रोग गावातच पसरू लागला तेव्हा हेच मनाचे पारडे उलटे झाले. गावपळणीत सगळे गाव वेशीबाहेर जाते म्हणून त्यात कुणाचा अवमान नाही. येथे एकट्यालाच वेशीबाहेर ठेवले जात होते.

सरहद्दीची गोष्ट आणखी विलक्षण. गोव्यात पहिले रुग्ण २५ मार्चला सापडले. त्याच सुमारास काही दिवस तेथे किराणा आणि दूध-भाजीची दुकानेही बंद ठेवण्यात आली, लोकांचा रोष इतका झाला की सरकारला तो हुकूम मागे घ्यावा लागला, आणि सात रुग्ण बरे होताच १९ एप्रिलला गोवा करोनामुक्त झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे मे महिन्याच्या आरंभी सिंधुदुर्ग हिरवा आणि गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरवे. पण दोन हिरव्या मुलखांमधला पत्रादेवीचा नाका बंद. या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. ते नाव उच्चारताच बांद्याच्या वृद्धांना जे आठवते ते वेगळे, आणि आता त्यांच्या नातवांना जे आठवेल ते वेगळे. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतली असंख्य तरुण मुले म्हापशाच्या बाजूच्या औषधांच्या आणि इतर कारखान्यांत रोज सकाळी दुचाकीवर जातात आणि सायंकाळी परततात. त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: गोव्यातच मुक्काम करावा, नाहीतर घरी बसून पगार गमवावा. आणि आजाऱ्यांचे काय? सिंधुदुर्गातला कठीण दुखणाईत पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जात आला आहे. त्या वर्षी तो वाटेत नाक्यावर थांबला, कागद दाखवू लागला, आणि आपण परक्या राज्याचे आहोत हे त्याला प्रथमच कळले.

युरोपात त्याच वर्षी स्वीडन मोकळा आणि नॉर्वे बंद अशी स्थिती असताना सीमेवरच्या स्वीडिश गावांतून रोज नॉर्वेत कामाला जाणाऱ्यांनी अशीच कुरबूर केली होती. आपल्या देशाचे निर्बंध सौम्य असल्याचे समाधान त्यांना नव्हते. शेजारी आपल्याला रोगी समजतो याचे शल्य होते. दोडामार्गच्या माणसाला हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज पडली नसती.

त्या वर्षीची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. जुलैत सिंधुदुर्गच्या शांतता समितीच्या बैठकीतून असा ठराव बाहेर आला की चाकरमान्यांनी ७ ऑगस्टच्या आत यावे आणि चौदा दिवस विलगीकरणात राहावे. त्यावर मुंबईत एवढा गदारोळ उठला की शासनाला मधे पडावे लागले, आणि ऑगस्टच्या आरंभी परिवहनमंत्री अनिल परब यांनी नवा हिशेब जाहीर केला: १२ ऑगस्टपर्यंत या, दहा दिवस अलग राहा, एस. टी.ने येणाऱ्याला ई-पास नको, खासगी गाडीने येणाऱ्याला हवा. बाराव्या तारखेनंतर येणाऱ्याने आधी चाचणी करून यावे. सातात चौदा मिळविले की एकवीस, बारात दहा मिळविले की बावीस. दोन्ही बेरजा पंचांगाच्या पायाशी बरोबर येऊन थांबत होत्या, आणि हे गणित गावातल्या पारावर बसणाऱ्या प्रत्येकाने त्याच दिवशी केले होते. दहा दिवसांना वैद्यकाचा आधार असेलही. पण लोकांना जी गोष्ट दिसली ती ही, की रोगाचे दिवस सणाच्या सोयीने घटतात. त्यानंतर विलगीकरणावरचा जो विश्वास उडाला तो पुन्हा बसला नाही. मला अजूनही असे वाटते की 'हा सण आहे, तुम्हाला यायचेच आहे, तर धोका असा आहे आणि तो आपण मिळून इतका पत्करू' असे शासनाने सरळ सांगितले असते तर कोकणी माणसाला ते अधिक रुचले असते. तो उत्सवाच्या बाबतीत भाबडा असेल, हिशेबाच्या बाबतीत नाही.

दुसरे वर्ष पहिल्याहून खडतर गेले. मार्च २०२१ मध्ये मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा झाली ती केवळ आंगणे कुटुंबीयांची. एरव्ही लाखोंची रीघ लागणाऱ्या माळावर बाहेरच्या भाविकाला मज्जाव होता. दशावताराच्या मंडळ्यांचा ओळीने दुसरा हंगाम बुडाला. रात्रीच्या नाटकाच्या मानधनावर ज्यांची चूल चालते ते नट कुणी मजुरीला गेले, कुणी मासे विकू लागले. तारकर्लीच्या न्याहरी-निवासाच्या खोल्यांना कुलपे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या वाळूवर. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाच्या आदेशाने दहा तारखेपासून गोव्यात शिरणाऱ्याला निगेटिव्ह दाखला लागू लागला आणि नाक्यावर पुन्हा तीच गर्दी, तीच वादावादी झाली. त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ मे रोजी, तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याला झोडपून गेले. घरांची छपरे उडाली, वीज गेली, आणि ज्यांना घराबाहेर पडू नका असे फर्मान होते त्यांना घरच उरले नाही. त्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या छपरावर चढला तो नियम पाहून चढला नाही, आणि त्याबद्दल कुणी कुणाला दंड केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

जूनच्या आरंभी राज्य शासनाने जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. मुंबई तिसऱ्यात आली, सिंधुदुर्ग चौथ्यात. ऑगस्टच्या आरंभी राज्यातल्या बहुतेक भागांतले निर्बंध सैल झाले तेव्हाही ज्या अकरा जिल्ह्यांना ही सवलत मिळाली नाही त्यांत सिंधुदुर्ग होता. एका वर्षात हिरव्याचा हा प्रवास. आता मुंबईचा माणूस गावी फोन करून विचारू लागला की तुमच्याकडे दुकाने किती वाजता बंद होतात. आणि ज्यांनी आदल्या वर्षी वाडीच्या तोंडाशी लाकूड आडवे टाकले होते त्यांना या प्रश्नातला सूर बरोबर कळत होता. आकड्यांच्या दृष्टीने शासनाचे वर्गीकरण सयुक्तिक होते, कारण चाचणीत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण खरोखरच येथे अधिक होते. पण मालवणच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराने प्रमाण पाहिले नाही. दादरचे दुकान उघडे आहे आणि आपले चार वाजता बंद होते एवढेच पाहिले. आपल्याला किती सोसावे लागते यापेक्षा शेजाऱ्याहून किती अधिक सोसावे लागते, याचीच गणना माणूस आधी करतो.

२ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर महाराष्ट्रातले सर्व निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. १८९७ चा तो कायदा मात्र उठला नाही. २०२० मध्येच त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवकांना गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची सजा त्यात आली, आणि ती यावयास हवीच होती. हुकूम काढण्यापूर्वी ज्या गावावर तो लागू व्हावयाचा त्या गावास काही विचारावे, किंवा एका नाक्याच्या दोन बाजूंच्या अंमलदारांनी एकदा समोरासमोर बसावे, असे कलम त्या कायद्यात तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. आचऱ्यात कौल घेताना रामेश्वरापुढे बारा-पाचाचे मानकरी आणि गावकरी एकत्र उभे राहतात, गाऱ्हाणे मोठ्याने घातले जाते, आणि देवाचा जो काही निर्णय असेल तो सर्वांच्या देखत होतो.